कडू पुडी आणि रविवारची कोंबडी

“शाओ डॉक्टर, हे कडूजहर पाणी तुम्ही आम्हाला सकाळ-संध्याकाळ पाजता ना, ते तुम्ही स्वतः कधी प्यायलात का?”

याओलिंगने विचारून टाकलं. शेजारी बसलेल्या आईने टेबलाखालून तिच्या मांडीला असा सणसणीत चिमटा काढला की दुसरी कुणी असती तर किंचाळलीच असती. याओलिंग किंचाळली नाही. तिचा उजवा खांदा मात्र टुणकन कानापर्यंत उडाला, दोन्ही डोळे पटापट मिटले-उघडले आणि घशातून “हुं-हुं” असा आवाज आला. पण तो काही चिमट्याचा प्रताप नव्हता. ते तिचं नेहमीचंच होतं. त्यासाठीच तर ती इथे यायची.

“पोरीची जीभ म्हणजे नुसती कात्री आहे हो,” आई ओशाळून म्हणाली. “मनावर नका घेऊ, डॉक्टर.”

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न एकट्या याओलिंगचा नव्हताच. दवाखान्याच्या फाटकाबाहेर भाजक्या बटाट्यांची गाडी लागते. तिथे थोड्या वेळापूर्वी मेंगतिंग, शान आणि ती अशा तिघी एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून बसल्या होत्या. जिची पापणी आधी मिटेल ती हरली, आणि हरलेलीने बाकीच्या दोघी सांगतील ते करायचं. जिच्या पापण्या आपल्याच मनाने फडफडतात तिने हा खेळ खेळू नये, हे कुणीही सांगेल. पण याओलिंग तो दरवेळी खेळायची, दरवेळी हरायची आणि दरवेळी वर मान करून म्हणायची, “एकदा जिंकून दाखवणारच आहे मी, बघाल!” आजही हरली, तशी मेंगतिंग गरम बटाटा या गालातून त्या गालात फिरवत म्हणाली, “जा, विचार तुझ्या डॉक्टरीणबाईंना, स्वतः प्यायल्यात का ते. आहे हिंमत?”

गेल्या वर्षीची याओलिंग असती तर हे ऐकूनच घरी पळाली असती. गेल्या वर्षी ती वर्गात शेवटच्या बाकावर, उजवा खांदा भिंतीला दाबून बसायची. म्हणजे उडाला तरी कुणाला दिसू नये. मग आठवीत या दोघी तिच्या बाकावर येऊन आदळल्या. पहिल्याच आठवड्यात शानने त्या खांद्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं. “साहेब आले, उभ्या राहा गं!” असं ती म्हणायची, आणि त्यात टोचणारं काही नसायचं. याओलिंगला हसू यायला लागलं, हसता हसता ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिला शोध लागला की आपल्याला बोलायला भयंकर आवडतं. तेव्हापासून घरात, दारात, बसमध्ये तिचं तोंड बंद होत नव्हतं.

शाओ डॉक्टरांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत नाकावर चढवला. त्या नानजिंगहून आल्या होत्या, डोंगरातल्या या गारठ्याची त्यांना अजून सवय नव्हती, म्हणून खोलीतसुद्धा गळ्याभोवती ओढणी गुंडाळूनच बसायच्या.

“प्यायले आहे,” त्या म्हणाल्या. “आणि दोन्ही प्यायले आहे.”

“दोन्ही म्हणजे?”

“खरी पुडी आणि पोकळ पुडी. ही चाचणी सुरू व्हायच्या आधी आम्हा सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि पेल्यामागून पेले पाजले. कुणाला फरक कळला की पोकळ पुडी परत पाठवायची, आणखी कडू करून आणायची. शेवटी कुणालाच काही ओळखता येईना, तेव्हा सोडलं आम्हाला. त्या दिवशी मला जेवणातला भातसुद्धा कडू लागला होता.”

याओलिंग खिदळली. चाचणीचा प्रकार तिला पहिल्या दिवशीच समजावून सांगितला होता. निम्म्या मुलांच्या खोक्यात जडीबुटीच्या औषधाची पूड, निम्म्यांच्या खोक्यात तशाच रंगाची, तशाच चवीची पण औषध नसलेली पूड. कुणाच्या खोक्यात काय आहे हे मुलांना माहीत नाही, आईबापांना नाही, आणि गंमत म्हणजे डॉक्टरांनाही नाही. सगळं संपलं की मगच उलगडा. झटक्यांच्या या विकारावर जुन्या वैद्यांचं औषध खरंच लागू पडतं की आपण उगीच वर्षानुवर्षं मानत आलो, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

“पण खऱ्या पुडीत असतं तरी काय?” याओलिंगने विचारलं. हा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता.

“एका वेलीचे आकड्यासारखे वाकडे काटे असतात, दोन-तीन मुळं, थोडं ज्येष्ठमध. आणि मुख्य म्हणजे तुमच्याच डोंगरातलं तिएनमा.”

आई एकदम ताठ बसली. इथल्या, झाओतोंगच्या माणसासमोर तिएनमाचं नाव काढा, तो ताठ बसणारच. दिसायला वेडावाकडा बटाटा, ना पान ना मूळ, बुरशीच्या आधाराने जमिनीत वाढणारा कंद. पण साऱ्या देशात आपल्याकडचाच भारी, असं इथे रिक्षावाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे छातीवर हात ठेवून सांगतात.

“आमच्या भावाच्या शेतातलं दाखवीन तुम्हाला,” आई म्हणाली. “हे एवढं थोरलं!”

“नानजिंगला ते औषधाच्या दुकानात खणात जपून ठेवतात,” शाओ डॉक्टर म्हणाल्या. “तराजूवर पातळ कापासारखे तुकडे टाकून मोजतात.”

आईला ते ऐकून हसू आवरेना.

मग नेहमीची तपासणी झाली. कॅमेऱ्यासमोर गप्प बसायचं, मग गोष्ट सांगायची, मग पुन्हा गप्प. आन सिस्टर या इथल्याच, गोल चेहऱ्याच्या आणि गोल आवाजाच्या. त्यांनी दरवेळचे प्रश्न विचारले.

“घरी दुसरं काही औषध चालू आहे? गोळी, काढा, सुया?”

“छे हो!” आईने ठणकावून सांगितलं. “एक गोळीसुद्धा शिवत नाही.”

शाओ डॉक्टरांनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. पहिल्या दिवसाच्या मानाने झटके निम्म्यावर आले होते. “छान चाललंय,” त्या म्हणाल्या. “असंच राहिलं तर फारच छान.”

एवढं ऐकलं आणि याओलिंगच्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. सोमवार. हा नाही, पुढचा.

त्याचं असं होतं. दर सोमवारी सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा चढतो, सगळी शाळा रांगेत उभी राहते आणि एक मुलगा किंवा मुलगी माईकसमोर उभं राहून भाषण करते. वर्गाच्या बाईंनी या वेळी याओलिंगला विचारलं होतं. “तू दिवसभर बडबडतेसच, मग माईकवर बडबड,” असं त्या म्हणाल्या होत्या. बुधवारपर्यंत नाव द्यायचं होतं. बाबा म्हणाले, बोल की. आई मात्र म्हणाली, “आधी बरी हो, मग माईक. डॉक्टरांनी एकदा बरी आहे म्हणू दे, मी स्वतः तुला नवा कोट घेऊन देईन.” आईचं तरी काय चुकत होतं? नव्या वर्षाच्या जेवणाला काकाच्या पोरांनी सगळ्यांसमोर याओलिंगची नक्कल केली होती. खांदा उडवून, डोळे मिचकावून. सगळे हसले. आईने ताटातलं अर्धं जेवण तसंच टाकलं आणि तिला घेऊन घरी आली.

“आता तर डॉक्टरांनीच सांगितलं,” बाहेर पडता पडता याओलिंग म्हणाली. “निम्म्यावर! मग?”

आईने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच हसली. “बघू. पुढच्या सोमवारपर्यंत असंच राहिलं तर बोल.”

याओलिंगने व्हरांड्यातच उडी मारली.

तिथल्या बाकावर एक छोटी मुलगी आपल्या आईची वाट बघत बसली होती. सहा-सात वर्षांची असेल. तिची मान दर थोड्या वेळाने डावीकडे झटकन वळायची, आणि ती लगेच हाताने केस सारखे करायची, जणू केसांसाठीच मान वळवली होती. याओलिंगला ती युक्ती चांगलीच ठाऊक होती. एके काळी तिने स्वतः अशा ढीगभर केल्या होत्या.

“ताई, तू पण ते कडू पितेस?” छोटीने कुजबुजत विचारलं.

“पिते तर! नाक धरायचं आणि गटागटा.”

“मग गेलं तुझं?”

“गेलंच समज!” याओलिंग ऐटीत म्हणाली.

“मग माझं पण जाईल?”

“जाणारच!” असं म्हणून ती एका उडीत दोन-दोन पायऱ्या उतरून गेली. बटाट्याच्या गाडीशी दोघी वाट बघत होत्या आणि त्यांना सांगायला तिच्याकडे केवढं तरी होतं.

*

रविवारी आईची तांदळाच्या शेवयांची खानावळ दुपारी बंद असते. त्या दिवशी घरात नीट, सावकाश जेवण होतं. खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी, तिच्याभोवती तिघांचे पाय, शेगडीच्या कडेवर भाजायला टाकलेले मूठभर शेंगदाणे, आणि बाबांच्या हातात सफरचंद. त्यांची बाग होती, हंगामात ट्रक घेऊन ते महिनोन् महिने फिरायचे, आणि घरी असले की सफरचंदाची साल न तोडता एकसलग सोलत बसायचे. बोलणं कमी. साल तुटली तर मात्र “हात्तिच्या” एवढं म्हणायचे.

आईने वाफेचं मातीचं भांडं आणून ठेवलं. या भांड्याच्या मधोमध एक नळी असते, खालची वाफ तिच्यातून वर येते, आणि पाण्याचा थेंब न घालता कोंबडी आपल्याच रसात शिजते. आईने झाकण उचललं. वाफेचा लोट उठला आणि घरभर तो ओळखीचा वास पसरला. मातीसारखा, किंचित उग्र, लहानपणापासून प्रत्येक हिवाळ्यात नाकात बसलेला.

याओलिंगने जेवणाच्या काड्या पुढे केल्या आणि तशाच हवेत धरल्या.

कोंबडीच्या तुकड्यांवर पांढरट, अर्धपारदर्शक काप पसरले होते. तिएनमा.

“आई,” ती म्हणाली. “हे काय आहे?”

“काय म्हणजे? कोंबडी. डोळे तपासायचेत का आता?”

“कोंबडीवरचं.”

“तिएनमा. मामाने पाठवलंय. खा, गार होईल.”

“आई, तिएनमा औषधात असतं! काल डॉक्टरांनी सांगितलं ना!”

आईने तिच्या वाटीत एक मोठा तुकडा वाढला. “पुडीत असतं ते औषध. भांड्यात असतं ते जेवण.”

“पण ते एकच आहे!”

“एकच कसं असेल? त्याला डॉक्टर लागतो, याला कोंबडी लागते.”

बाबांना हसू आलं, आणि साल तुटली. “हात्तिच्या.”

“हसू नका हो तुम्ही,” याओलिंग म्हणाली. “आई, पूर्वी आपण हे कधीतरी खायचो. आता दर दोन-तीन दिवसांनी असतं. कधी कोंबडीत, कधी माशाच्या डोक्याबरोबर, कधी अंड्यात. हो की नाही?”

आई चमच्याने रस ढवळत म्हणाली, “औषध चालू आहे म्हटल्यावर अंगात ताकद नको? म्हणून जरा जास्त घालते. आणि गुण आला ना? आला की नाही?”

“कशाचा आला?”

“म्हणजे?”

“पुडीचा आला की कोंबडीचा?”

शेगडीवर शेंगदाणा तडतडला.

“समजा माझ्या खोक्यात पोकळ पुडी आहे,” याओलिंग म्हणाली. बोलता बोलताच ते तिच्याही डोक्यात उलगडत चाललं होतं. “आणि मी इकडे सारखं खरं तिएनमा खातेय. मग ते लोक म्हणतील, बघा, पोकळ पुडीनेही मुलगी बरी झाली, म्हणजे औषधात काही दम नाही. आणि समजा खरी पुडी असेल, तर मला दुप्पट मिळालं. ते पण खोटंच झालं.”

“त्यांना काय करायचंय आपल्या भांड्यात काय शिजतं ते?” आईचा आवाज चढला. “अख्खं गाव खातंय. आणि तू जाऊन सांगायची गरज नाही, सांगून ठेवते. ते म्हणतील, यांनी फसवलं. काढून टाकतील तुला. मग बसशील काय करत? आणि ते तुझं सोमवारचं भाषण? तेही गेलं मग.”

ते शेवटचं वाक्य बरोबर जागी लागलं. तिने कोंबडी खाल्ली आणि पांढरे काप वाटीच्या कडेला सारून ठेवले. बाबांनी ते आपल्या वाटीत घेतले आणि खाऊन टाकले.

*

सोमवारी झेंड्याखाली नववीतला एक मुलगा पाणी वाचवण्यावर बोलला. एका सुरात, कागदावरून मान वर न करता. रांगेत उभी असलेली याओलिंग मनातल्या मनात त्याला ढकलून स्वतः तिथे उभी राहिली आणि तिने टाळ्यांचा कडकडाटसुद्धा ऐकला. मग तिला कोंबडी आठवली.

मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणींना सगळं सांगितलं.

“वेडी आहेस का?” मेंगतिंग म्हणाली. “गप्प बस ना! तुला बरं वाटतंय, आई हो म्हणतेय, माईक तुझा झाला. कोंबडी काय बोलणार आहे का जाऊन?”

“आमच्याकडे काल बदकात घातलं होतं,” शान म्हणाली. “मला तर कधी वाटलंच नाही की ते औषध आहे. मग मी आजपर्यंत किती औषध खाल्लं असेल गं? माझं काही बरं व्हायचं राहिलं असेल का?”

“तुझं डोकं,” मेंगतिंग म्हणाली.

तिघी हसल्या. आणि हसता हसताच याओलिंगचं हसू अर्ध्यात थांबलं. शानच्या घरी. मेंगतिंगच्या घरीही असणारच. म्हणजे त्या व्हरांड्यातल्या बाकावरच्या छोटीच्या घरीसुद्धा. तिची मान, तिचे ते सारखे केलेले केस, आणि “मग माझं पण जाईल?” याओलिंगने किती सहज सांगून टाकलं होतं, जाणारच म्हणून. स्वतःला काही माहीत नसताना. आता ती मुलगी रोज नाक धरून ते कडू पाणी पीत असेल, आणि वाट बघत असेल.

“साहेब आले,” शान हळूच म्हणाली.

खांदा उडत होता. एकदा, दोनदा, लागोपाठ. शनिवारपासून नाही उडाला इतका.

“येऊ देत,” याओलिंग म्हणाली. “उद्या शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर दवाखान्यात कोण येतंय?”

“हरलीस कधी तू? आम्ही तर काही सांगितलं नाही करायला,” मेंगतिंग म्हणाली.

“या वेळी माझं मीच सांगतेय.”

*

मंगळवारी दोघी मैत्रिणी बटाट्याच्या गाडीशी थांबल्या आणि ती एकटीच वर गेली. जिना चढताना ती दोनदा मागे वळली होती, हे तिने नंतरही कुणाला कबूल केलं नाही. शाओ डॉक्टर गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. आन सिस्टर कपाटात खोकी लावत होत्या.

“आज तर तुझा दिवस नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आणखी एखादा प्रश्न?”

“आज उत्तर आहे,” याओलिंग म्हणाली. “सिस्टरांनी शनिवारी विचारलं होतं ना, दुसरं काही औषध घेते का. तर घेते. म्हणजे खाते. आईला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण तिच्या लेखी ती कोंबडी होती.”

आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. कोंबडी, मासा, अंडी, मामाचं शेत. सांगताना डोळे फडफडत होते, घसा “हुं-हुं” करत होता, खांद्याने तर ताळतंत्रच सोडलं होतं. शाओ डॉक्टरांची नजर खांद्यावर गेली नाही, दुसरीकडेही वळली नाही. त्या तिच्या चेहऱ्याकडेच बघत ऐकत राहिल्या. असं ऐकणारी मोठी माणसं याओलिंगला फार भेटली नव्हती.

तिचं संपल्यावर डॉक्टर आन सिस्टरांकडे वळल्या.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या, “इथे लोक तिएनमा असं नेहमी खातात?”

आन सिस्टरांच्या हातातलं खोकं हातातच राहिलं. त्यांचा गोल चेहरा लाल झाला होता. “डॉक्टर... आमच्याकडेपण रविवारी होतं. डुकराच्या मटणात. मी... मला कधी सुचलंच नाही सांगायचं. ते आपलं... भाजी असते ना.”

“भाजी,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. आणि मग त्या हसल्या. मोठ्याने नाही, पण स्वतःवर हसावं तशा. “मी इतके महिने प्रत्येक आईला विचारतेय, औषध देता का, औषध देता का. तुमच्या भांड्यात काय आहे, हे एकीलाही विचारलं नाही. आमच्याकडे जे खणात असतं ते तुमच्याकडे ताटात असेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.”

“आता मला काढून टाकणार?” याओलिंगने विचारलं. हा प्रश्न विचारायला तिला शनिवारच्या प्रश्नापेक्षा जास्त बळ लागलं.

“नाही. तू राहशील. जे झालं ते झालं तसं लिहिलं जाईल, आणि नानजिंगला कळवावं लागेल. बाकीच्या सगळ्या घरीसुद्धा विचारावं लागेल. माझा आठवडा तू चांगलाच कामाला लावलास.” त्यांनी चष्मा परत चढवला. “मला आनंद होत नाहीये, खोटं कशाला सांगू. पण आज नसतं कळलं तर शेवटी जे उत्तर आलं असतं ते चुकीचं असतं, आणि आम्ही ते छापून मोकळे झालो असतो.”

“मग माझं निम्म्यावर आलं ते कशाने? पुडीने की कोंबडीने?”

“माहीत नाही.”

“अंदाज?”

“अंदाजसुद्धा नाही. कदाचित दोन्हींपैकी कशानेच नाही. तुझ्या वयात हे कधी वाढतं, कधी आपसूक कमी होतं. इथल्या धुक्यासारखं. पुष्कळ मुलांचं मोठेपणी खूप कमी होतं, काहींचं राहतं. तुझं काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

“म्हणजे कुणालाच माहीत नाही?”

“कुणालाच नाही. म्हणून तर मी इतक्या थंडीत इथे येऊन बसलेय.”

याओलिंग खुर्चीत मागे टेकली. खरं म्हणजे तिला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरून काहीतरी उतरलं होतं, आणि डोक्यात एक विचार हळूहळू पाय पसरून बसत होता. कधी जाईल ते कुणालाच माहीत नाही. आईला नाही, डॉक्टरांना नाही, नानजिंगवाल्यांना तर मुळीच नाही. मग बरी झाल्यावर बोलायचं म्हणजे नक्की कधी बोलायचं?

“डॉक्टर, ती छोटी मुलगी पुन्हा कधी येणार आहे? मानेवाली?”

“का गं?”

“तिला मी एक सांगितलंय, ते बदलायचंय. म्हणजे जाईल की नाही ते ठाऊक नाही, असं सांगायचंय. पण नुसतं तेवढंच सांगितलं तर रडेल ती. सोबत दुसरं काहीतरी हवं सांगायला.”

“काय?”

“ते सोमवारी कळेल,” याओलिंग म्हणाली आणि दप्तर उचललं.

फाटकापाशी मेंगतिंगने तिचा चेहरा बघून अर्धा बटाटा न मागता पुढे केला. “काढलं?”

“नाही काढलं.”

“मग रडवेली का दिसतेस?”

“रडवेली नाही, धूर गेलाय डोळ्यांत. चल, खेळू या.” तिघी पुन्हा डोळ्यांत डोळे घालून बसल्या. याओलिंग पहिल्या झटक्यातच हरली.

*

घरी आली तेव्हा आई कोबी चिरत होती आणि बाबा शेगडीत कोळसा सारत होते. याओलिंगने दप्तर ठेवलं, कोट काढला, पण खाली बसली नाही. शेगडीच्या समोर, जिथे दोघांनाही दिसेल अशा ठिकाणी उभी राहिली. हात मागे बांधले, मग सोडले. पटांगणात माईकसमोर उभं राहायचं तशी.

“काय झालं?” आईने सुरी थांबवली. “उशीर का झाला?”

“दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांना सगळं सांगितलं.”

आईचा चेहरा उतरला. “सांगितलंस? नको म्हटलं होतं ना मी? काढलं ना त्यांनी?”

“नाही काढलं. आन सिस्टरसुद्धा खातात, आई. त्याही तुझ्यासारखंच म्हणाल्या. तुझी काही चूक नाही, असं डॉक्टर नाही म्हणाल्या, पण मी म्हणतेय.”

बाबांनी कोळशाचा चिमटा खाली ठेवला. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नेमका तेव्हाच खांदा उडाला. डोळे मिटले, उघडले. घसा वाजला. आईची नजर सवयीने खाली वळली, चिरलेल्या कोबीवर. याओलिंग थांबली. ते सगळं होऊन जाईपर्यंत ती शांतपणे उभी राहिली, आईची नजर परत वर येईपर्यंत. मग मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाली,

“आई, बाबा, ऐका. उद्या मी बाईंना नाव देणार आहे. सोमवारी झेंड्याखाली मी बोलणार. साहेब आले तर येऊ देत, मी थांबेन आणि पुन्हा बोलेन. पोरं हसली तर हसू देत, पण आई, तू समोर उभं राहायचंस आणि खाली बघायचं नाहीस. आणि पुडी मी शेवटपर्यंत पिणार आहे, नाक धरून का होईना, कारण मला खरंच जाणून घ्यायचंय. तोपर्यंत या घरात कोंबडीत तिएनमा नाही. बटाटे घाल.”